‘हिला सर्व्हिस लागतच नाही’

सोलापुरात इलेक्ट्रिक मोटारीची चर्चा निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येतं. शोरूममधला मुलगा ते म्हणतो, यूट्यूबवरचा समीक्षक म्हणतो आणि सहा महिन्यांपूर्वी गाडी घेतलेला मित्र तर शपथेवर सांगतो : ‘हिला सर्व्हिस लागतच नाही.’ इंजिन नाही, ऑइल नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. मग वर्कशॉप गावात असलं काय आणि पुण्यात असलं काय? यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे आणि वीस-पंचवीस लाख मोजणाऱ्या कुटुंबाला तो महागात पडतो. पुणे-मुंबईकराला एक वेळ तो परवडेल, सोलापूरकराला परवडत नाही.

जे खरं आहे ते आधी मान्य करू. पेट्रोल-डिझेल इंजिनात शेकडो हलणारे भाग असतात, ते झिजतात आणि त्यांना ठरावीक काळाने ऑइल, फिल्टर, प्लग, बेल्ट द्यावे लागतात. इलेक्ट्रिकमध्ये मोटर आणि एका गतीचा गिअर एवढ्यावर भागतं. वेग कमी करताना मोटरच गाडीला अडवते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत जाते, त्यामुळे ब्रेक पॅडही जास्त टिकतात. घरच्या मीटरवर चार्ज केली तर किलोमीटरमागचा खर्च पेट्रोलपुढे किरकोळ आहे. इलेक्ट्रिकवर ऑगस्ट 2019 पासून जीएसटी 5 टक्के आहे, तर मोठ्या पेट्रोल-डिझेल एसयूव्हीवर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के. म्हणून ‘आपल्याकडे पेट्रोलच बरी’ म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसणार नाही. माझं भांडण इलेक्ट्रिक गाडीशी नाहीच, ती विकताना आणि घेताना जो सोयीचा तर्क पुढे केला जातो त्याच्याशी आहे.

त्या तर्कामुळे तुलना भलत्याच गोष्टींची होते. 2020 च्या जानेवारीत टाटाची नेक्सॉन ईव्ही आणि एमजीची झेडएस ईव्ही आली तेव्हा ‘पुण्यापर्यंत पोचेल का?’ हा रास्त प्रश्न होता. आज तो जवळजवळ निकालात निघाला आहे. ह्युंदाईची क्रेटा इलेक्ट्रिक 42 आणि 51.4 किलोवॉट-अवरच्या बॅटरीत मिळते. कियाची कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्ही त्याच दोन मापांत सात माणसं नेते. महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या दोन गाड्या 59 आणि 79 मध्ये आहेत, टाटाची हॅरियर ईव्ही 65 आणि 75 मध्ये. एमजीच्या विंडसरने 38 पासून सुरुवात केली आणि नंतर 52.9 चा पर्याय दिला. नोव्हेंबर 2025 मध्ये महिंद्राने सात जणांची एक्सईव्ही 9एस 19 लाख 95 हजारांपासून पुढे बाजारात आणली.

हे आकडे विजेच्या मीटरच्या भाषेत वाचावेत. एक किलोवॉट-अवर म्हणजे एक युनिट. एवढ्या अंगाची गाडी हमरस्त्यावर, एसी लावून, शंभरच्या आसपास वेगाने शंभर किलोमीटरला साधारण 16 ते 18 युनिट खाते. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर धरलं तर 40 ते 45 युनिट लागतात. म्हणजे 42 च्या बॅटरीला वाटेत थांबा घ्यावाच लागेल. 51 ची पोचेल, पण हडपसर येईपर्यंत चालवणाऱ्याचा एक डोळा टक्केवारीवर राहील. 75 किंवा 79 ची गाडी पोचूनही चाळीस टक्क्यांच्या आसपास शिल्लक ठेवेल. हॅरियरचे 627 आणि एक्सईव्ही 9ईचे 656 किलोमीटर हे चाचणीच्या चक्रातले आकडे आहेत. खुद्द टाटा कंपनी रस्त्यावरच्या वापरासाठी वेगळा, बराच कमी आकडा देते, याचं श्रेय तिच्या पदरात टाकायला हवं.

पण हा हिशोब वर्षातल्या किती दिवसांसाठी? अक्कलकोट चाळीस किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीस, पंढरपूर सत्तर-पंचाहत्तर, विजयपूर शंभर. यातलं कुठलंही गाव जाऊन-येऊन 42 युनिटांत बसतं. सोलापुरातल्या कुटुंबाचं बहुतेक सगळं फिरणं याच वर्तुळात असतं. देवदर्शन, लग्नकार्य, शेत आणि सासर. 656 श्रेष्ठ की 627 हा वाद म्हणजे पुण्या-हैदराबादच्या मोजक्या फेऱ्यांचा वाद. तरीही समीक्षक पाऊण तास त्यावर घालवतात आणि उरलेला वेळ डॅशबोर्डवर पडदे दोन की तीन यावर. वर्कशॉपला मिळतं शेवटचं अर्धं मिनिट, तेही ‘मेंटेनन्स जवळपास शून्य’ असं सांगून हात झटकण्यापुरतं.

तर मूळ तर्काकडे येऊ. ठरलेल्या तारखेची देखभाल वेगळी आणि न ठरवता येणारा बिघाड वेगळा. देखभाल कमी झाली म्हणून बिघाडाच्या वेळची गरज कमी होत नाही. उलट ती एकाच दारात येऊन उभी राहते. सोलापुरात पेट्रोल-डिझेल गाडीवाल्याचं डीलरशी बिनसलं, तर तो दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीकडे नेतो. मिस्त्री बॉनेट उघडतो, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि कुठला बेअरिंग वाजतोय ते सांगतो. पार्ट कंपनीचा हवा की बाजारातला, हेही तोच विचारतो. डीलरच्या बिलावर त्याचा न दिसणारा लगाम असतो. ‘फार झालं तर बाहेर करून घेईन’ हे गिऱ्हाइकाला म्हणता येतं आणि डीलरलाही ते ठाऊक असतं.

इलेक्ट्रिक गाडीच्या बॉनेटखाली जाड नारिंगी केबल दिसतात. नारिंगी रंगाचा अर्थ इथे हात लावायचा नाही. आत तीनशे-चारशे व्होल्टचा डीसी प्रवाह असतो, चुकीला माफी नसते. प्रशिक्षित माणूसही आधी रबरी इन्सुलेटेड हातमोजे तपासतो, बॅटरीचा सर्व्हिस प्लग काढतो, साठलेला दाब उतरायला काही मिनिटं थांबतो, मीटरवर शून्य बघतो आणि मगच पाना उचलतो. शिवाय गाडी बोलते ती कंपनीच्या स्कॅनरशी, गल्लीतल्या यंत्राशी नाही. मिस्त्री हुशार नाही असं मुळीच नव्हे. त्याच्यापर्यंत ना ते प्रशिक्षण पोचलंय, ना ती यंत्रसामग्री, ना ते पार्ट. दुचाकी ई-बाइक उघडायला त्यातले काही जण शिकलेत आणि उद्या मोटारीही उघडतील, पण आज गाडी घेणाऱ्याला उद्याचा मिस्त्री उपयोगाचा नाही. आज त्याच्यापुढे एकच दुकान आहे, आणि त्या दुकानदाराला हे नीट माहीत आहे.

बिघाड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोठी बॅटरी येते. ‘ती गेली तर आठ-दहा लाख गेले’ अशी भीती घालणाऱ्यांना आणि ‘तिला आजीवन वॉरंटी आहे’ असं उत्तर देणाऱ्यांना दोघांनाही मी सांगेन की गाडी बहुतेकदा रस्त्यात बसते ती बारक्या कारणाने. प्रत्येक इलेक्ट्रिक मोटारीत साध्या गाडीसारखी एक 12 व्होल्टची छोटी बॅटरीही असते. मोठ्या बॅटरीचं दार उघडणारे स्विच, सगळे संगणक आणि दरवाज्याची कुलपं तिच्यावर चालतात. ती मेली तर 79 युनिट भरलेली असूनही गाडी ठोकळ्यासारखी उभी राहते. जून 2024 मध्ये ह्युंदाईने आयोनिक 5 च्या 1,744 गाड्या भारतात परत बोलावल्या, त्या चार्जिंग नियंत्रित करणाऱ्या एका युनिटमधल्या दोषासाठी. त्या दोषाने ही छोटी बॅटरीच उतरून जायची. कंपनीने स्वतःहून बोलावल्या ही चांगली गोष्ट. पण असा दोष सापडतो, तपासला जातो आणि दुरुस्त होतो तो वर्कशॉपमध्येच. ‘सर्व्हिस लागत नाही’ या वाक्यात त्या वर्कशॉपला जागाच नाही.

आता या वाक्याच्या समर्थकांनी कधीच न केलेला एक हिशोब करू. डीलरचं पोट कशावर चालतं? नव्या गाडीच्या विक्रीत नफा पातळ असतो, त्यातही गिऱ्हाईक सूट, मॅट आणि सीट कव्हर काढून घेतं. शोरूमचं भाडं, पगार, बँकेचं व्याज यांतला मोठा वाटा वर्कशॉप काढून देतं. ऑइल बदल, फिल्टर, पॉलिश, अपघाताची कामं. इलेक्ट्रिक गाडीने यातला ऑइल-फिल्टरचा धंदा बंद केला. आपले जे पैसे वाचले ते डीलरचे गेले. शिवाय वॉरंटीतल्या कामाची मजुरी कंपनी ठरवते. कधी येणारा, कधी न येणारा दोष शोधण्यात माणसाचे दोन दिवस गेले तरी ते बिलात धडपणे दिसत नाहीत. अशा वेळी डीलर इलेक्ट्रिकचं प्रशिक्षण किती माणसांना देईल? एकाला, फार तर दोघांना. त्यातला एक शिकून तयार झाला की पुण्यात जास्त पगारावर जातो आणि उरलेला रजेवर गेला की गाडी ‘सोमवारी बघू’ या कप्प्यात. कमी देखभाल हा इलेक्ट्रिकचा गुणच लहान शहरातल्या वर्कशॉपला दुबळं करतो. त्यामुळे तो गुण सांगून वर्कशॉपचा प्रश्न उडवून लावणं हा उलटा न्याय आहे. मोठ्या शहरात गाड्यांची संख्या हे नुकसान भरून काढते. सोलापूरच्या एमएच 13 च्या पाटीवर ती संख्या अजून तेवढी नाही.

दुबळेपणा दिसतो कसा, ते जॉबकार्डवर बघावं. माझ्या मेहुण्यांची गाडी, कंपनीचं नाव इथे अवांतर आहे, फास्ट चार्जरवर मधूनच चार्जिंग सोडून द्यायची. घरी नीट, बाहेर कधी नीट, कधी नाही. त्यांनी काउंटरवर हे सविस्तर सांगितलं : कुठला चार्जर, किती टक्क्यांवर तुटलं, पडद्यावर काय आलं, मोबाइलमध्ये काढलेला फोटोही दाखवला. सल्लागाराने मान डोलावत टाइप केलं, ‘चार्जिंग प्रॉब्लेम, चेक अँड रिपोर्ट’. एवढंच. संध्याकाळी गाडी धुऊन पुसून परत मिळाली आणि कार्डावर उत्तर होतं, ‘चेक्ड, फाउंड ओके’. कारण वर्कशॉपच्या आवारात फास्ट चार्जर बंद होता आणि तपासणी साध्या चार्जरवर झाली होती. पुढच्या खेपेला ‘सर, हे पुण्याला विचारावं लागेल’, त्यापुढच्या खेपेला ‘पार्ट यायचाय’. पार्ट कोणता, हे शेवटपर्यंत कोणी कागदावर लिहिलं नाही. एक दिवस गाडी आपोआप बरी झाली, म्हणजे कुणीतरी सॉफ्टवेअर बदललं असावं. दोष सापडला असं म्हणायला कागद नाही आणि नव्हता असं म्हणायलाही नाही.

या प्रकरणातला खरा दोष गाडीचा नव्हता, कार्डावरच्या त्या पाच शब्दांचा होता. गिऱ्हाईक जे सांगतं ते त्याच्या शब्दांत लिहिलंच गेलं नाही, तर पुण्यातल्या किंवा चाकणच्या तज्ज्ञाने ओळखायचं कशावरून? आणि वॉरंटी संपल्यावर ‘हा दोष पहिल्यापासून होता’ हे सिद्ध करायचं कशाने?

यावर तीन उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं, ‘आता सगळं सॉफ्टवेअरने घरबसल्या दुरुस्त होतं.’ होतं, जे सॉफ्टवेअरचं असेल ते. सैल झालेला कनेक्टर, गळणारं कूलंट, खड्ड्यात आपटून चेपलेलं बॅटरीचं तळकवच हवेतून दुरुस्त होत नाही. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा रस्तेच पाण्याखाली गेले होते. बॅटरीचं खोकं पाण्यात तग धरेल असं बनवलेलं असतं, पण पाण्यात उभी राहिलेली गाडी पुन्हा चालू करण्याआधी कनेक्टर आणि इन्सुलेशन तपासावं लागतं. ते मोबाइल ॲप करत नाही.

दुसरं, ‘रोडसाइड असिस्टन्स फुकट आहे, फ्लॅटबेड येते.’ इलेक्ट्रिक गाडी चाकांवर ओढत नेता येत नाही, फ्लॅटबेडच लागते, हे बरोबर. पण ती कुठून येणार, किती वेळात, आणि गाडी कुठल्या वर्कशॉपला टाकणार? हेल्पलाइनवरची मुलगी हिंदीत ‘टेंभुर्णी’चं स्पेलिंग विचारते आणि नंतर जवळची खूण विचारते, तेव्हा रात्री साडेनऊला बायको-मुलं आणि सासूबाईंसह उसाच्या फडाशेजारी उभ्या असलेल्या माणसाला फुकटपणाचं कौतुक राहत नाही. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांत संसार करणाऱ्या या शहराला गाडी विकताना भाषेची अडचण कधी येत नाही, हा आणखी एक चमत्कार.

तिसरं उत्तर सगळ्यांत लाडकं : ‘पुण्यातूनच घ्या, सूटही जास्त मिळते.’ वॉरंटी देशभर कुठल्याही अधिकृत वर्कशॉपला चालते, हे मान्य. पण ज्या डीलरने तुम्हाला गाडी विकली नाही, ज्याला तुमच्याकडून पुढची गाडीही विकायची आशा नाही, त्याच्या रांगेत तुमचा नंबर कितवा, याचा अंदाज सोलापूरकराने स्वतःच करावा. पुण्यात मिळालेली सूट पुण्याच्या दोन-तीन फेऱ्यांत, बुडालेल्या दिवसांत आणि टोलात विरून जाते. टोलावरून आठवलं. राज्याच्या 2025 च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात पूर्ण टोलमाफीसाठी नावं घेतली ती अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गाची. तिन्ही सोलापूर जिल्ह्याला शिवतही नाहीत. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस या नाक्यांवरून जाणाऱ्याला त्या माफीचा फायदा बातमी वाचण्यापुरता. धोरण आखणारे, गाडी तपासणारे आणि गाडी विकणारे सगळे एकाच पट्ट्यात बसून बोलतात, त्यामुळे वर्कशॉप शेजारी असणं त्यांना हवा-पाण्यासारखं गृहीत वाटतं.

‘सर्व्हिस लागत नाही’ हे खरंच असतं, तर मारुतीने जे केलं ते केलं नसतं. देशात सर्वांत जास्त मोटारी विकणारी ही कंपनी इलेक्ट्रिकमध्ये बरीच उशिरा उतरली. हंसलपूरच्या कारखान्यातून ई-विटाराची पहिली निर्यात 26 ऑगस्ट 2025 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते रवाना झाली. भारतातल्या विक्रीआधी कंपनीने जाहिरात कशाची केली? हजारावर शहरांत चार्जर आणि इलेक्ट्रिकसाठी सज्ज वर्कशॉप. पैशाला पक्की असलेली कंपनी नको असलेल्या गोष्टीवर खर्च करत नाही. ती घोषणा सोलापुरात कितपत उतरली, ते प्रत्यक्ष जाऊनच बघायचं, पण गिऱ्हाइकाला कशाची भीती आहे हे तिने ओळखलं.

कंपनी देश सोडून गेली तर काय, हा प्रश्न अशुभ वाटेल, पण आपण तो दोनदा पाहिला आहे. जनरल मोटर्सने 2017 मध्ये शेव्हरोलेची भारतातली विक्री बंद केली; तिचा तळेगावचा कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. फोर्डने 9 सप्टेंबर 2021 रोजी इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. तरी शेव्हरोलेची बीट आणि फोर्डची इकोस्पोर्ट रस्त्यावर अजून धावताना दिसतात, त्या कोणाच्या जिवावर? मिस्त्रीच्या, आणि जुन्या पार्टच्या बाजाराच्या. तिकडे अमेरिकेत फिस्कर कंपनी जून 2024 मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिची ओशन ही इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतलेल्या लोकांना संघटना काढून सॉफ्टवेअर आणि पार्टसाठी स्वतःच वाट शोधावी लागली. त्यांच्याकडे गल्लीतला मिस्त्री हा पर्याय नव्हता. टाटा, महिंद्रा, ह्युंदाई उद्या गाशा गुंडाळतील असं मी म्हणत नाही. पण कंपनी राहते आणि गावातला डीलर बदलतो, हे सोलापुराने पाहिलेलं आहे. जुन्या डीलरकडच्या तक्रारी नव्याकडे बहुधा कोऱ्या होऊन पोचतात.

आणि ती आजीवन वॉरंटी. हॅरियर ईव्हीच्या बॅटरीला ती आहे, महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ईलाही आहे. क्रेटा इलेक्ट्रिकच्या बॅटरीला 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर. आजीवन म्हणजे पहिल्या मालकाचं आणि खासगी वापराचं. टाटाच्या कागदात त्याचा अर्थ नोंदणीपासून 15 वर्षं असा आहे. गाडी विकली की ते आयुष्य आखूड होतं. हे वाईट नाही, पेट्रोल गाडीच्या इंजिनाला असलं काही मिळत नाही. पण वॉरंटी हा कागद आहे, तो अमलात आणतो सल्लागार, टेक्निशियन आणि त्यांनी भरलेलं जॉबकार्ड. ‘चेक्ड, फाउंड ओके’ लिहिणाऱ्या वर्कशॉपपुढे पंधरा वर्षांची वॉरंटी पंधरा वर्षं ‘ओके’ होत राहील.

‘टाटाची सर्व्हिस वाईट, ह्युंदाईची चांगली, महिंद्राचं नशिबावर’ असल्या सरसकट निकालांवरही माझा विश्वास नाही. टाटाकडे इलेक्ट्रिकचा अनुभव दांडगा, महिंद्राचं जाळं खेड्यापर्यंत, ह्युंदाईची काउंटरवरची शिस्त बरी; हे ढोबळ खरं असेल. पण गाडी दुरुस्त करतं ते ब्रँडचं नाव नव्हे, एका आवारातली चार-पाच माणसं. एकाच कंपनीच्या दोन डीलरांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. देशभराची सरासरी चांगली आणि आपल्या गावचं वर्कशॉप गचाळ, किंवा नेमकं उलटं, हे दोन्ही होतं.

मग समाधानाचे आकडे बघावेत का? गाडी परत देताना सल्लागार हळूच म्हणतो, ‘सर, कंपनीतून फोन येईल, दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी आमचं कापतात.’ तो तरुण पोरगा, त्याची नोकरी, आपला भिडस्त स्वभाव. आपण दहा देतो. ते दहा कंपनीच्या मुख्यालयात जातात आणि तिथे सोलापूर खूश आहे अशी नोंद होते. मग जास्तीचा टेक्निशियन किंवा नवा फास्ट चार्जर कशाला पाठवतील? त्या मुलाचा राग धरू नये, पण खोटे दहा देऊन आपण आपल्याच रांगेतल्या पुढच्या माणसाचं नुकसान करतो. माझ्या मते सोलापुरातल्या इलेक्ट्रिक सर्व्हिसचं निम्मं दुखणं या भिडेत आहे.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे, हे थोड्यांना माहीत असतं. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. गाडी पुण्यातून घेतली असली तरी सोलापूरच्या आयोगात दाद मागता येते आणि 50 लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगच ऐकतो. त्याआधीची पायरी म्हणून 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. दोन्हीकडे लागतो तो कागद, आणि तो जॉबकार्डाचा असतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. इलेक्ट्रिक एसयूव्ही जरूर घ्या. पण दोन-तीन गाड्या पसंतीला उतरल्या की शोरूममधल्या खुर्चीवरून उठा आणि मागच्या दाराने वर्कशॉपमध्ये जा. हाय-व्होल्टेजचं काम करणारा माणूस कोण, त्याला भेटवा म्हणावं. तो रजेवर असला तर गाडी कोण बघतं, हेही विचारावं. आवारातला फास्ट चार्जर डोळ्यांपुढे चालू करून घ्यावा. तिथे सर्व्हिसला आलेल्या गाडीच्या मालकाशी दहा मिनिटं बोलावं. तो जे सांगेल ते कुठल्याही व्हिडिओत नसेल. यातल्या एकाही गोष्टीला डीलर टाळाटाळ करू लागला, तर त्याच्या गाडीचे 656 किलोमीटर त्यालाच लखलाभ. आणि गाडी घेतल्यावर तक्रार आपल्या शब्दांत जॉबकार्डावर उतरेपर्यंत सही करू नका, आणि कंपनीचा फोन आला की खरे गुण द्या.

पुण्यात वर्कशॉप आहे हे सोलापूरच्या गिऱ्हाइकाला उत्तर म्हणून चालणार नाही, एवढं डीलरच्या तोंडावर सांगायला शिका.